मंजूर नकाशास अनावृत पत्र

प्रति,
मा. मंजूर नकाशा साहेब,
मुक्काम: लोखंडी कपाट, वरून दुसरा कप्पा, साड्यांच्या मागे.

विषय: आपली आणि आपल्या घराची एकदा तरी भेट होणेबाबत.

महोदय,

सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, काल मिस्त्रीने आपली आठवण काढली. दोन वर्षांत पहिल्यांदाच. मी हरखून घरी आलो, साड्यांमागून आपली गुंडाळी काढली, रबर सोडलं आणि जागेवर नेऊन मोठ्या अदबीने त्याच्या हाती दिली. त्याने आपल्याला सिमेंटच्या दोन पोत्यांवर अंथरलं, चारी कोपऱ्यांवर चार गिट्ट्या ठेवल्या आणि वर डबा उघडला. "मोठा कागद पायजे होता सर, जेवाले," तो म्हणाला. आपण भाकरीखाली होतात, म्हणून आपल्याला ऐकू गेलं नसावं.

मी यवतमाळ जिल्ह्यातला. जिल्ह्यात सोळा तालुके आहेत. त्यांतला माझा कोणता ते लिहीत नाही, उगीच एखाद्या टेबलाला वाईट वाटायला नको. मास्तरकीतून निवृत्त झालो, भविष्यनिर्वाह निधीचे पैसे हातात आले आणि 1994 साली घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर घर बांधायचं ठरवलं. प्लॉट पंचावन्न बाय साठचा, म्हणजे 3,300 चौरस फूट. हा आकडा मी तीस वर्षं अभिमानाने सांगत होतो. इंजिनिअरने त्याचे चौरस मीटर केले आणि कपाळाला हात लावला. 306.

आपल्याला ठाऊकच आहे, आपण त्याच नियमावलीचं लेकरू. डिसेंबर 2020 मध्ये मुंबई वगळता जवळपास सगळ्या राज्याला एकच विकास नियंत्रण नियमावली लागू झाली. तीत 150 चौरस मीटरपर्यंतच्या प्लॉटवाल्याने नुसती सूचना द्यायची, शुल्क भरायचं आणि कुदळ मारायची. 150 ते 300 वाल्याला दहा दिवसांत परवानगी. मी सहा मीटरने श्रीमंत निघालो. त्या सहा मीटरमध्ये सध्या एक कडुनिंब आणि शेजाऱ्याची मोटरसायकल आहे.

तरीही मी खचलो नाही, कारण 1966 च्या नगररचना अधिनियमातलं कलम 45 मला कोणीतरी वाचून दाखवलं होतं. साठ दिवसांत निर्णय कळवला नाही, तर परवानगी मिळाली असं मानायचं. मानीव परवानगी! काय शब्द आहे. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठावा दिवस लाल पेनाने गोल करून ठेवला. अठ्ठावन्नाव्या दिवशी मोबाइल वाजला: त्रुटी. सातबारावरचा गट क्रमांक अस्पष्ट दिसतो. मी स्पष्ट पाठवला. मग पुन्हा तेच कलम शेवटपर्यंत वाचलं, तेव्हा समजलं की साठ दिवस अर्जापासून किंवा त्रुटीच्या उत्तरापासून, यांत जे नंतरचं असेल तिथून मोजायचे. कायदा करणारा माणूस नक्की क्रिकेट खेळलेला असणार. नो-बॉलवर चेंडू मोजत नाहीत, हे त्याला पक्कं माहीत होतं.

असो. आपण अखेर अवतरलात 28 मार्चला.

मार्चलाच का, हे मला नंतर उमगलं. विकास शुल्क जमिनीच्या सरकारी दरावर ठरतं आणि तो दर 1 एप्रिलला बदलू शकतो. शिवाय वर्षअखेर वसुलीचं उद्दिष्ट असतं. त्यामुळे फाईल टाकणारा आणि फाईल काढणारा, दोघांनाही वर्षभरात न आलेली घाई त्या पंधरा दिवसांत येते. बांधकाम परवान्यांचा महिनावार आलेख कोणी काढलाच, तर तो आमच्याकडच्या कपाशीच्या झाडासारखा दिसेल: खालून पानं, मधे काड्या आणि शेंड्याला एकदम बोंडं. तो आलेख पाहून पुण्या-मुंबईचा एखादा अभ्यासक लिहील की मार्चमध्ये विदर्भात बांधकामाला तेजी आली. साहेब, मार्चमध्ये आमच्याकडे तेजी फक्त झेरॉक्सच्या दुकानात असते.

आता आपल्याच हुकुमातली अट पाहा. परवानगीची मुदत एक वर्ष. आपण हे लिहून मोकळे झालात. वर्ष म्हणजे बारा महिने, हे शहरातलं गणित. आमचं ऐका.

एप्रिल. अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन केलं, नारळ फोडला, पाच कुदळी मारल्या. जमीन काळी. ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेगाळते आणि पावसाळ्यात फुगून भिंतीला भिडते, म्हणून पाया मुरूम लागेपर्यंत न्यावा लागतो. आपल्यावर पायाची खोली पाच फूट होती. मुरूम नवव्या फुटाला भेटला. चार फुटांचे पैसे गेले आणि मे लागला.

मे महिन्यात पारा पंचेचाळीसला. काँक्रीटवर कमीत कमी सात दिवस पाणी मारावं, असं शास्त्र सांगतं. इथे माणसाच्या अंगावर मारायला नाही. 2018 च्या उन्हाळ्यात यवतमाळची निळोणा आणि चापडोह ही दोन्ही धरणं तळाला गेली होती. शहर टँकरच्या रांगेत उभं होतं. तेव्हापासून या जिल्ह्यातला शहाणा माणूस मे महिन्यात कॉलम भरत नाही. मी शहाणा नव्हतो. चार कॉलम भरले, गोणपाट गुंडाळलं, आणि सौ. भांडी धुतलेलं पाणी बादलीने त्यांना घालू लागली. शेजारच्या काकूंनी विचारलं, "तुळस लावली का हो तिथे?"

जून. पेरणी. मजूर गावी, आणि माझे पैसेही गावी, कारण धाकट्या भावाला बियाणं-खत घ्यायचं होतं आणि तेरवी-लग्नाइतकंच पेरणीलाही नाही म्हणता येत नाही. त्यातच 10 जूनपासून 30 सप्टेंबरपर्यंत नदीतून रेती उचलायला बंदी. खणलेल्या पायात पाणी साचलं आणि बेडकांनी आपल्या मंजुरीशिवाय वस्ती केली.

मग चातुर्मास. चौकट बसवायची नाही. मग पोळा, तान्हा पोळा, गणपती, महालक्ष्म्या. मग पितृपक्ष; त्या पंधरवड्यात खिळासुद्धा विकत घ्यायचा नाही, असं सासूबाईंचं म्हणणं. मग देवी. यवतमाळचा दुर्गोत्सव असा की सेंट्रिंगवाल्याची सगळी बल्ली-फळी मंडपाला जाते, ती दसऱ्याशिवाय परत येत नाही. दसऱ्याला चौकटीची पूजा झाली. आता काम दणक्यात, असं मिस्त्री म्हणाला आणि दुसऱ्या दिवसापासून रेजा गायब. कापूस फुटला होता. वेचणी किलोवर असते. सकाळी घमेलं उचलण्यापेक्षा ती परवडते, आणि उन्हातही कापूस डोक्यावर हलका लागतो. मी त्यांना दोष देत नाही. माझ्या घराचा स्लॅब आणि भावाच्या शेतातली वेचणी एकाच बाईच्या दोन हातांवर होती, आणि तिने भावाला झुकतं माप दिलं.

पौषात शुभकार्य नाही. माघात काम झालं. खरंच झालं, जोत्यापासून छज्ज्यापर्यंत एका दमात. फाल्गुनात पुन्हा मार्च आला, आणि आपली एक वर्षाची मुदत संपली. मी मुदतवाढीचं शुल्क भरलं. मुदतवाढही मार्चमध्येच मिळाली. आलेखात आणखी एक बोंड.

अमेरिकेत म्हणे दर महिन्याला सरकार तीन वेगवेगळे आकडे छापतं: किती घरांना परवाने दिले, किती घरं सुरू झाली, किती पूर्ण झाली. तिथल्या शेअरबाजाराला त्यावरून घाम फुटतो. तीन आकडे वेगळे छापावे लागतात, म्हणजे तिथेही परवाना आणि घर यांची फारशी ओळख नसावी, असा मी अर्थ काढला आणि मला बरं वाटलं. आमच्याकडे पहिला आकडा कुठेतरी फाईलमध्ये असतो. दुसऱ्यासाठी सकाळी आठला चौकातल्या ठिय्यावर जावं: कुली-रेजा नऊ वाजताही बसून दिसले तर मंदी, आठलाच जागा रिकामी झाली तर तेजी. रात्री दोनला रस्त्यावरून टिप्पर किती गेले, हाही खात्रीचा निर्देशांक. 2023 मध्ये सरकारने रेती सहाशे रुपये ब्रास जाहीर केली. ती सहाशेची रेती मी वर्तमानपत्रात फोटोसकट पाहिली आहे. प्रत्यक्ष भेटीचा योग आला नाही. चुनखडी आमच्या वणी-झरीकडची, सिमेंटचा कारखाना आमच्या मुकुटबनला; पण जवळ आहे म्हणून स्वस्त, हे गणित फक्त माहेरच्या भाजीला लागू पडतं.

तिसरा आकडा, पूर्ण झालेल्या घरांचा, कोण देणार? आमच्या गल्लीत चौतीस घरं आहेत. भोगवटा प्रमाणपत्र कोणाकडे आहे, असं मी एकदा कोजागरीच्या दुधाच्या वेळी विचारलं. एक जण म्हणाले, "आहे की, विजेचं बिल." आमच्याकडे घर पूर्ण होत नाही. लोक राहायला जातात, वरच्या कॉलमच्या सळाखी आभाळाकडे पाहत उभ्या राहतात, आणि मुलाच्या लग्नापर्यंत घर सुरूच असतं.

शिवाय सगळीच घरं आपल्यासारख्या कुलीन नकाशाच्या पोटची नाहीत. 2011 च्या जनगणनेत यवतमाळ शहर 1,16,551 माणसांचं होतं. पुढे हद्दवाढ झाली, आणि लोहारा, वाघापूर, वडगाव, उमरसरा अशी गावं रातोरात शहर झाली. तिथल्या कित्येक घरांचा नकाशा म्हणजे चुन्याची फक्की आणि घरमालकाची पावलं. गुंठेवारीचा कायदा 2001 चा. आधीच्या प्लॉटांना नियमित करतो म्हणाला. 2021 मध्ये त्याची तारीख 31 डिसेंबर 2020 पर्यंत पुढे आली. तारखा अशा अधूनमधून पुढे येतात, हे लोकांनी हेरून ठेवलं आहे. म्हणून आमचा एक विद्यार्थी आता रेल्वेच्या भरवशावर प्लॉट विकतो. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब तुकडा फेब्रुवारी 2024 मध्ये सुरू झाला. त्याच्या जाहिरातीत पुढच्या स्टेशनपासून लेआऊट "फक्त पाच मिनिटं". स्टेशन कुठे आहे विचारलं तर म्हणाला, "सर, मिनिटं आधी घेऊन ठेवा, स्टेशन मागून येते."

माझे वडील हे सगळं पाहायला राहिले नाहीत. त्यांनी गावठाणात घर बांधलं तेव्हा नकाशा नव्हता. आजोबांनी अंगणात काठीने रेघ मारली, आईने स्वयंपाकघर मोरीपासून दूर सरकवायला सांगितलं, आजोबांनी पायाने रेघ पुसून नवी मारली. झाली सुधारित मंजुरी.

आता मूळ मुद्दा. आपण घर पाहायला येऊ नये, अशी नम्र विनंती आहे. आपल्याला दुःख होईल. वास्तुवाले म्हणाले म्हणून स्वयंपाकघर आग्नेयेला गेलं, त्यामुळे न्हाणीघर जिथे होतं तिथे देवघर आलं. आपल्यावर 'गाडी ठेवण्याची जागा' लिहिलं आहे तिथे सौ.चा पापडाचा पसारा आहे. आणि मागच्या बाजूला दीड मीटर जागा मोकळी सोडायची होती, तिथे जिना आहे. लोखंडी नाही, चांगला सिमेंटचा, सतरा पायऱ्यांचा. वरच्या मजल्यावर भाडेकरू ठेवायचा तर त्याला आपल्या बैठकीतून कसं जाऊ द्यायचं? मी चौतीस वर्षं मुलांना समासात लिहू नका म्हणून सांगितलं, आणि स्वतः समासात जिना काढला. मिस्त्रीला सांगताना मीच बोटाने दाखवलं. तो म्हणाला, "कागदावर तं नाही सर." मी म्हणालो, "कागद माझ्यापाशी राहू दे."

मुलगा म्हणतो, बाबा, भोगवटा काढून घ्या, उद्या विकायचं झालं तर बँक विचारते. म्हणून काल इंजिनिअर येऊन गेला. आधी घर पाहिलं, मग आपल्याला पाहिलं, मग पुन्हा घर. म्हणाला, सुधारित नकाशा टाकावा लागेल. उभं आहे तसं काढू, मागची बाजू सोडून. फोटोच्या दिवशी जिन्यावर हिरवं नेट टाकू, पुढे कुंड्या ठेवू. फाईल मार्चच्या आत टाकू.

जेवण झाल्यावर मिस्त्रीने आपल्याला झटकून परत दिलं. भाकरीचा चुरा पडला, ठेच्याचा डाग राहिला. मी ओल्या फडक्याने पुसायला घेतला तर शाईच पसरू लागली. इंजिनिअरने आपल्याला उजेडात धरलं. डाग बरोबर मागच्या दीड मीटरवर होता, लांबट, वर निमुळता होत गेलेला.

"राहू द्या," तो म्हणाला. "एवढंच तर जुळतंय."

आपला आज्ञाधारक,
एक अर्जदार

ता. क. कपाटात आपल्या शेजारी डांबरगोळ्या ठेवल्या आहेत. सौ. म्हणते, साड्यांसाठी आहेत.