एक कोयता, १४० टक्के

दसरा उलटला की बीड जिल्ह्यातून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. साधारण त्याच सुमारास आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आयक्यूएसीचं, म्हणजे गुणवत्ता कक्षाचं, पत्रक निघतं: प्रत्येक प्राध्यापकाने या वर्षात किमान दोन शोधनिबंध प्रसिद्ध करावेत, अन्यथा कॅसची, म्हणजे बढतीची, फाइल पुढे सरकणार नाही. मजुरांना मुकादमाने आधी उचल तरी दिलेली असते. प्राध्यापकांना काहीच दिलेलं नसतं, फेडायचं मात्र दोघांनाही असतं.

समाजशास्त्राचे सर माझ्या शेजारी राहतात. जुन्या वळणाचे आहेत. निबंध लिहायचा तर त्या विषयातलं आपल्याला काहीतरी माहीत असलं पाहिजे, अशी त्यांची समजूत. म्हणून ते तीन हंगाम फडांवर गेले, कोपीपुढे बसले, वह्या भरल्या. विषय उचल. उचल मिळते ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा गडी असेल तर तो अर्धा कोयता. पैसे नवऱ्याच्या हातात पडतात, वहीत नाव नवऱ्याचं, ऊस तोडायचा दोघांनी, मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत न्यायच्या त्या बहुधा बाईने. एका बाईने सरांना सांगितलं होतं, “वहीत नाव न्हाई बगा माझं, पर खाडा मातर माझाबी लिवतो त्यो.”

मी म्हटलं, सर, हे असंच छापायला द्या. सर माझ्याकडे दयेने बघत राहिले. “असंच?”

तर पहिला प्रश्न, लेखक कोण. वह्या सरांनी भरल्या म्हणून लेखक सर, इतकं ते सोपं नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत सामाजिक शास्त्रांतल्या निबंधाला १० गुण आहेत. एकट्याने लिहिला तर सगळे त्याचे. दोघांनी लिहिला तर? तुम्ही म्हणाल, पाच-पाच. यावरून तुम्ही आयोगावर काम करायला लायक नाही एवढंच सिद्ध होतं. दोघांनी लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के. सात आणि सात, चौदा. तिघांपासून पुढे मुख्य लेखकाला ७० आणि बाकीच्या प्रत्येकाला ३०. म्हणजे दहा जणांनी मिळून एक निबंध लिहिला तर दहा गुणांच्या मालातून चौतीस गुण निघतात. उतारा अकरा-बारा टक्क्यांच्या वर जात नाही म्हणून साखर कारखान्यांचे चेअरमन कायम रडत असतात. त्यांनी एकदा विद्यापीठात येऊन गाळप बघून जावं.

आणि दुसरीकडे बघा. फडात नवरा-बायको दोघंही राबतात, मोजतात एक. कॉलेजात एक जण राबतो, दुसरा नुसतं नाव देतो, मोजतात १.४.

हे गणित स्टाफरूममध्ये सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळे सरांचा विषय एकदम लोकप्रिय झाला. क्रीडा विभागाच्या सरांना त्यात मजुरांच्या शारीरिक क्षमतेचा अँगल दिसला. ग्रंथपाल संदर्भसूची तपासून द्यायला आपण होऊन तयार झाले. एरवी ते पुस्तकही आपण होऊन देत नाहीत. प्राचार्यांनी काहीच सुचवलं नाही. “आमच्याकडेही लक्ष असू द्या,” एवढंच म्हणाले.

दुसरा प्रश्न, पाठवायचा कुठे. आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये मान्यताप्राप्त जर्नल्सची यादी काढली. ती इतकी दिलदार होती की मे २०१८ मध्ये तिच्यातून ४,३०५ नावं एका फटक्यात उडवावी लागली. त्याच्या दोनच महिने आधी पुण्याच्या काही अभ्यासकांनी ‘करंट सायन्स’मध्ये हिशोब मांडला होता: विद्यापीठांच्या शिफारशीने यादीत आलेली १,००९ जर्नल्स तपासली, तर ८८ टक्के निकषांत बसेनात. मग २०१९ मध्ये ‘केअर’ यादी आली. तिच्यातल्या खऱ्या जर्नल्सच्या नावाने हुबेहूब बनावट वेबसाइटी निघाल्या, तेव्हा यादीबरोबर तोतयांचीही यादी द्यावी लागली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने जाहीर केलं की केअर बंद. आम्ही निकष सुचवतो, चांगलं-वाईट तुमचं तुम्ही ठरवा. ज्यांनी आयुष्यभर यादी बघून निबंध पाठवले, त्यांच्यावर अचानक निबंध वाचून ठरवायची पाळी आली. एवढा धक्का नोटाबंदीनेही दिला नव्हता.

बाजार मात्र यादी असो-नसो तेजीतच असतो. सरांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर येतं: ‘आदरणीय संशोधक, तीन दिवसांत प्रकाशन, फी १,५०० रुपये, आयएसएसएन आहे, सर्टिफिकेट मोफत, सहलेखकाच्या सर्टिफिकेटचे १०० जादा.’ आयएसएसएन हा नियतकालिकाला मिळणारा नुसता क्रमांक आहे, त्याचा आतल्या मजकुराशी काही संबंध नाही. पण तो ठळक टाइपात छापला की माणूस नमस्कार करतो.

सरांनी हे सगळं बाजूला सारलं आणि एका नावाजलेल्या परदेशी जर्नलकडे निबंध पाठवायचं ठरवलं. तिथून पुढे त्यांची प्रकृती ढासळत गेली.

शब्दमर्यादा ८,०००, तक्ते, टिपा, संदर्भ सगळं धरून. सरांचा मसुदा बारा हजारांवर होता. कापायचं काय? संदर्भ कापता येत नाहीत, कारण निबंध ज्याच्याकडे तपासायला जाईल तो आधी त्यात स्वतःचं नाव शोधतो. संशोधनपद्धती कापता येत नाही, सिद्धान्त तर नाहीच नाही. उरल्या फडावरच्या बाया. त्या कापल्या. खाड्यावर बोलणारी बाई ‘अनौपचारिक लेखांकनातील लिंगभावात्मक अदृश्यता’ या पदावर रुजू झाली आणि तिचं स्वतःचं वाक्य जागेअभावी गेलं.

मग संदर्भांची शैली. सरांनी एपीए शैलीच्या जुन्या आवृत्तीप्रमाणे प्रत्येक पुस्तकाच्या प्रकाशकाचं गाव शोधून लिहिलं. दिवाळीची सुट्टी त्यात गेली. जर्नलला २०१९ ची सातवी आवृत्ती हवी होती. तिच्यात प्रकाशकाचं गाव लिहायचं नसतं. नाताळची सुट्टी गावं खोडण्यात गेली.

त्यानंतर निनावी करणं. तपासणाऱ्याला लेखक कळता कामा नये आणि लेखकाला तपासणारा, अशी न्यायाची पद्धत आहे. तेव्हा मुखपृष्ठ वेगळं करा, ऋणनिर्देश काढा, वर्डच्या फाइलच्या पोटातही नाव दडलेलं असतं ते पुसा. सरांच्या फाइलच्या पोटात लेखक म्हणून ‘प्रिन्सिपल ऑफिस २’ निघालं. म्हणजे प्राचार्यांनी तिथे आधीच जागा धरून ठेवली होती. या विषयावर मागे लिहिणारेही सर एकटेच, म्हणून स्वतःचा उल्लेख ‘लेखक (२०१९)’ असा करावा लागला. गावाचं नाव नीतिमत्तेसाठी बदललेलं, बाईचं गोपनीयतेसाठी, सरांचं निष्पक्षपातासाठी. आता त्या निबंधात खऱ्या नावाने वावरणारे दोघंच उरले आहेत: फुको आणि बोर्द्यू हे फ्रेंच विचारवंत. दोघंही उसाच्या फडात कधी गेलेले नाहीत.

वाङ्मयचौर्याची तपासणी कॉलेजच्या पातळीवर झाली. नियमाप्रमाणे १० टक्क्यांपर्यंतचं साम्य माफ असतं. सरांचं १४ आलं. रिपोर्ट उघडला, तर चोरीच्या मालात तीन गोष्टी: त्यांच्याच विद्यापीठाचं लांबलचक नाव, ‘महाराष्ट्रातील मराठवाडा विभाग’ हे शब्द, आणि त्यांचाच २०१९ चा निबंध. जर्नल म्हणतं, तो माणूस तुम्ही आहात हे दिसू देऊ नका. सॉफ्टवेअर म्हणतं, त्या माणसाची तुम्ही चोरी केलीत. सरांनी मराठवाड्याला जरा आडवळणाने लिहिलं आणि नऊ टक्क्यांवर सुटले.

निबंध पोर्टलवर चढवण्याबद्दल काही सांगत नाही. पासवर्ड तीनदा बदलला, एवढं पुरे.

नंतर वाट बघणं. पोर्टलवर स्थिती दिसते: ‘संपादकांकडे’. महिनोन्‌महिने संपादकांकडेच. सर रोज सकाळी देवपूजेनंतर स्थिती बघायचे. धीर द्यावा म्हणून मी त्यांना जॉर्ज अकेरलॉफ यांची गोष्ट सांगितली. त्यांचा जुन्या मोटारींच्या बाजारावरचा निबंध तीन जर्नल्सनी परत केला होता. चौथ्याने १९७० मध्ये छापला आणि २००१ मध्ये अकेरलॉफना नोबेल मिळालं. सर म्हणाले, “मला नोबेल नको हो, कॅसची स्टेज थ्री पाहिजे.”

मग मी पीटर्स आणि सेसी या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग काढला. १९८२ मध्ये तो प्रसिद्ध झाला. या दोघांनी आधीच छापून आलेले १२ निबंध उचलले, लेखकांची आणि संस्थांची नावं बदलून बिननावाची संस्था टाकली, आणि ज्या जर्नल्सनी ते छापले होते त्यांच्याकडेच पुन्हा पाठवले. ओळखले गेले फक्त तीन. उरलेल्या नऊंपैकी आठ नाकारले. कारण बऱ्याच ठिकाणी संशोधनपद्धतीतले गंभीर दोष. सर बराच वेळ गप्प बसले. म्हणाले, “त्या नवव्याचं नशीब बघा.”

त्रिंबक नारायण आत्र्यांनी १९१५ मध्ये ‘गावगाडा’ छापला, तेव्हा पोर्टल नव्हतं हे मराठी समाजाचं भाग्य. नाहीतर महसूल खात्यातला माणूस, संलग्नता कचेरी, सिद्धान्त काही नाही, आणि वर बलुतेदारीवर इतकं बारीकसारीक! पहिल्याच दिवशी आभार मानून परत आला असता.

अखेर दोन तपासनिसांचे अहवाल आले. पहिल्याचं म्हणणं, निबंध उत्तम आहे, फुको वाढवावा. दुसरा तपासनीस हा जगभरच्या संशोधकांचा सामाईक शत्रू असतो. त्याने लिहिलं की बीड हे ठिकाण फार विशिष्ट आहे. आंतरराष्ट्रीय वाचकाला त्याचं काय? अमेरिकेतल्या एखाद्या गावच्या शंभर विद्यार्थ्यांना प्रश्नावली वाटली तर तो मनुष्यस्वभावाचा अभ्यास होतो, त्या गावाचं नावही शीर्षकात यावं लागत नाही. आपला लाखो मजुरांचा हंगाम मात्र ‘विशिष्ट’, आणि शीर्षकाला ‘भारतातील पुरावा’ अशी शेपटी जोडल्याशिवाय आत घेत नाहीत. शिवाय लेखकाने पुढील चार महत्त्वाचे निबंध वाचलेले दिसत नाहीत, अशी यादी होती. चौघांचं आडनाव एकच. तपासनीस कोण, हे सरांना तिथेच कळलं.

आता उत्तराचा तक्ता करायचा. डाव्या बाजूला तपासनिसाची सूचना, उजव्या बाजूला कृतज्ञता. सर लिहीत होते: ‘बीड फार विशिष्ट आहे या मर्मग्राही सूचनेबद्दल आम्ही ऋणी आहोत.’ एकटा लेखकही तिथे ‘आम्ही’ म्हणतो. या दुसऱ्याला ७० टक्के द्यावे लागत नाहीत, तेवढीच बचत. चारही निबंध संदर्भात गेले, फुको वाढला आणि शब्दमर्यादा सांभाळण्यासाठी फडावरून आणखी काही बाया घरी पाठवल्या.

निबंध स्वीकारला गेला. पेढे वाटून होताहेत तोच दुसरी मेल आली: आपला निबंध जगातल्या कुणालाही मोफत वाचता यावा असं वाटत असेल, तर तीन हजार डॉलर भरावेत. सक्ती नाही. रुपयांत ते अडीच लाखांच्या पुढे जातात. एका कोयत्याची हंगामाची उचल लाख-सव्वा लाख धरली, तर मजुरांवरचा निबंध लोकांनी फुकट वाचावा म्हणून दोनाहून जास्त कोयते हंगामभर राबवावे लागतील. तपासनिसांना यातला पैसा मिळत नाही, सरांनाही नाही. जातो कुठे, हे विचारण्याइतके शब्द मर्यादेत उरले नव्हते. सरांनी न भरण्याचा पर्याय निवडला. त्यामुळे निबंध आता कुलपात राहील आणि त्यांच्या स्वतःच्या कॉलेजात उघडणार नाही, कारण ग्रंथपालांनी ते जर्नल घेतलेलं नाही.

परवा प्रूफं आली. सोबत शंकापत्रक, उत्तराची मुदत ४८ तास. पहिली शंका: ‘लेखक (२०१९)’ यांचं पूर्ण नाव काय, संदर्भसूचीत सापडत नाहीत. दुसरी: ‘मुकादम’ हे आडनाव असल्यास आद्याक्षर द्यावं. तिसरी: कोयता ही एक व्यक्ती की दोन? मजकुरात एक धरली आहे, तक्त्यात माणसांची बेरीज दुप्पट येते. कृपया एकसारखं करावं.

सर तिसऱ्या शंकेवर अडून बसले होते, तेवढ्यात प्राचार्यांचा फोन आला. “प्रूफं आलीत म्हणे. लेखकाचं नाव वाढवायला अजून चालतं ना?”