पाव कोयता

अहो वहिनी, ऐकलंत का? या जरा कुंपणापाशी, मोठ्यानं बोलायचं नाही. तुमच्या माझ्यातच ठेवा म्हणजे झालं.

परवा आपली वेशीकडची मंडळी कपिलधारला गेली होती ना, पाऊस बरा झालाय म्हणून. मन्मथस्वामींचं दर्शन झालं, मग धबधबा बघायला गेले. पुण्याहून आलेला थोरला मोबाइल धरून उभा, सून लगेच पोज देतीय. आणि ते चार वर्षांचं कार्टं एकदम किंचाळलं, "आज्जी, नळ कुणी चालू ठेवलाय? बंद करा की! पाणी चाललंय सगळं!" जत्रेसारखी गर्दी हो, पण सगळे वळून बघायला लागले. सुनेचं तोंड असं झालं म्हणता! आजी मात्र खूश. टँकरमागं घागर घेऊन पळालेल्या बाईचा नातू तो. त्याला दुसरं काय सुचणार?

तर काय सांगत होते... हां, बोलण्याचं. तीच सून रोज त्याला रागावते. "मी करलं" म्हणतो, "मी जालो" म्हणतो, इंग्लिश मीडियमवाले काय म्हणतील? त्यावर आपल्या अंगणवाडीच्या ताई हसून म्हणाल्या, "अहो बसलं, पडलं, हसलं म्हणतो ना, मग करलं का नको? डोकं चालवतंय पोरगं." ताईंच्या भिंतीवर ताराबाई मोडकांचा फोटो आहे बघा. बोर्डीला १९४५ साली बालशिक्षणाचं काम सुरू केलं त्यांनी, पोरं बालवाडीत येईनात तर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. ताई सांगायला लागल्या की थांबत नाहीत, म्हणून मी आपली उठले.

पण खरी गंमत पुढंच आहे. त्या शेवटच्या घरची पोर माहितीय ना? दरवर्षी दसरा झाला की आईबाप ऊस तोडायला कारखान्यावर, आणि ही आजीपाशी. बाईंनी वर्गात विचारलं, "तुझे आईबाबा काय करतात गं?" तर म्हणाली, "ते दोघं मिळून एक कोयता आहेत." ऊसतोडीत जोडप्याला तसंच म्हणतात हो, पण बाई फिस्सकन हसल्या, आणि मग... जाऊ द्या.

पोर घरी आली ती हिशोब घेऊनच. "आज्जी, एकटा माणूस अर्धा कोयता. मग मी पाव का?" आजी म्हणाली, "हो गं माझे बाई, पाव." झालं! नेमका त्याच संध्याकाळी ऊसतोडीचा मुकादम ओट्यावर आला, उचलीचं, म्हणजे आगाऊ पैशांचं बोलायला. चहा हातात घेतला न घेतला तोच ही समोर उभी, फ्रॉक सावरून. "काका, पाव कोयत्याला किती उचल?"

मुकादमाला वाटलं चेष्टा. खिशात हात घालून म्हणाला, "घे दहा रुपये."

तर नोट घेईना. शाईचा डाग असल्यासारखा अंगठा पुढं केला, "आधी कुठं लावू ते सांगा!"

अहो, मी दारातच होते, पदर तोंडात कोंबला. मुकादमाचा चेहरा पडला तो पडलाच. बाप खाली बघतोय, आई चुलीकडं गेली.

आणि आता तुम्हाला म्हणून सांगते, मुकादमाची बायको पिठाच्या गिरणीवर सगळ्यांना सांगत होती, पोरीला मुद्दाम शिकवून उभी केली म्हणे. शिकवून! घरात शिकवायला आहे कोण हो? त्या आजीला धड ऐकूसुद्धा येत नाही!