धावपट्टीहून आखूड

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी द्वीपसमूहात वेस्ट्रे आणि पापा वेस्ट्रे ही दोन शेजारी बेटं आहेत. दोन्हींना आपापला विमानतळ आहे आणि मधलं हवाई अंतर आहे २.७ किलोमीटर. मुंबई विमानतळाची मुख्य धावपट्टीच ३.४ किलोमीटर भरते. म्हणजे आपल्याकडे नुसतं डांबर जिथवर पसरलंय, त्याच्या आत इथे उडणं, उतरणं आणि घरी 'पोचलो गं' असं कळवणं सगळं उरकतं. १९६७ पासून चाललेली ही जगातली सर्वांत छोटी नियमित विमानसेवा. वेळापत्रकात तिला दोन मिनिटं दिली आहेत. विमानात बसायचं ते झोप काढायला आणि ट्रेमधलं बटर खिशात घालायला, एवढंच ध्येय असलेल्या माझ्यासारख्याने इथे जाऊच नये.

पण अंतर कळलं की वेळ कळतो, या आपल्या लाडक्या समजुतीचं पितळ इथेच उघडं पडतं. जेटचा वेग ताशी ८०० किलोमीटर धरून भागाकार करा: उत्तर बारा सेकंद. शहाणे लोक त्यात चढण्या-उतरण्याची म्हणून सरसकट तीस मिनिटं मिळवतात. मग उत्तर तीस मिनिटं बारा सेकंद. एक उत्तर दसपट कमी, दुसरं पंधरापट जास्त. बरं, इथे जेट नाहीच. आहे ते आयलंडर नावाचं दोन पंख्यांचं, आठेक प्रवाशांचं विमान. त्यात एक उतारू थेट पायलटच्या मांडीला मांडी लावून बसतो. दोन मिनिटांच्या हिशेबाने विमानाचा सरासरी वेग ताशी ८१ किलोमीटर पडतो, म्हणजे एसटीच्या ड्रायव्हरनेही बरोबरी केली असती. स्टुअर्ट लिंकलेटर या पायलटने हेच अंतर ५३ सेकंदांत कापलं. त्या विक्रमात वाऱ्याचा वाटा मोठा होता. वारा फिरला की तेच विमान, तेच अंतर आणि वेळ वेगळा.

कुणी म्हणेल, हे टोकाचं उदाहरण झालं. ठीक. हवाईमधलं होनोलुलू ते माउईवरचं काहुलुई घ्या. अंतर सुमारे १६० किलोमीटर, भागाकाराने बारा मिनिटं. वेळापत्रक मात्र चाळीसच्या आसपास सांगतं. उरलेला वेळ रांगत धावपट्टी गाठण्यात, चढण्यात आणि उतरण्यात जातो, आणि अंतर कमी झालं म्हणून हे सगळं त्याच प्रमाणात कमी होत नाही.

मग दुसरा आक्षेप: ऑर्कनीतल्या एवढ्याशा अंतराला विमान कशाला, होडीने जावं! होडी आहेच, साधारण पंचवीस मिनिटांत पोचवते. अर्थात समुद्राची मर्जी असेल तर. शिवाय हे विमान त्या २.७ किलोमीटरसाठी सुटतच नाही. ते ऑर्कनीच्या मुख्य गावातून, कर्कवॉलहून निघतं, वाटेत वेस्ट्रेला थांबतं आणि पुढे जातं, थांबे घेणाऱ्या एसटीसारखं. पापा वेस्ट्रेवर माणसं शंभराच्या आत. त्यांच्याकडे येणारे शिक्षक, डॉक्टर याच विमानाने येतात. दाट धुकं उतरलं आणि विमान आलंच नाही, तर तपासणीची वाट पाहणाऱ्या म्हातारीला दोन मिनिटांचं कौतुक काय सांगणार? तिच्यासाठी अंतर म्हणजे पुढचं विमान केव्हा, एवढंच.

पापा वेस्ट्रेवर नॅप ऑफ हॉवर हे पिरॅमिडांहून जुनं दगडी घर आहे, जरूर पाहावं. हौशी पर्यटक मात्र येतात ते विमानप्रवासाच्या प्रमाणपत्रासाठी, आणि पायलटशेजारची जागा त्यांनाच हवी असते.