संकेतस्थळाचे यजमान

संकेतस्थळाचे यजमान हे सहसा एखाद्या जुन्या, प्रतिष्ठित संस्थेचे कार्यवाह असतात. वय साठीपुढचे, खिशाला दोन पेने, आणि ‘वेबसाइट काढणे’ हा ठराव ज्या सभेत मंजूर झाला तिला इतर सगळे गैरहजर, म्हणून जबाबदारी त्यांच्याकडे.

वेबसाइटची त्यांची कल्पना लग्नपत्रिकेवरून आलेली असते. वर गणपती, मग आशीर्वाद देणारे, मग निमंत्रक, तळाशी किलबिल. एखादे नाव राहिले की रुसवा ठरलेला. म्हणून मुखपृष्ठावर संस्थापकांची तसबीर, अध्यक्षांचे मनोगत, ज्येष्ठतेनुसार विश्वस्तांचे फोटो, आणि या सगळ्यावरून धावणारी सरकती पट्टी. ही पट्टी चालवणारा ‘मार्की’ मायक्रोसॉफ्टच्या ब्राउझरने नव्वदच्या दशकात आणला. एचटीएमएलच्या मानकाने तो पुढे बाद ठरवला. यजमानांच्या लेखी तो मुदतवाढीवर आहे.

संस्थेचे वाचनालय किती वाजता उघडते, एवढेच पाहायला आलेल्या माणसाला पत्रिकेत जागा नसते.

काम करणारा मुलगा पुतण्याचा मित्र असतो, मानधनावर. तो बिचारा शिकून आलेला असतो. स्टीव्ह क्रुग यांच्या 2000 सालच्या गाजलेल्या पुस्तकाचा हवाला देऊन तो सांगतो, की पाहुण्याला विचार करायला लागता कामा नये. यजमान लगेच मान डोलावतात. लोक विचार करत नाहीत, ही तर संस्थेची जुनी खंत. मेनूतले शब्द पाहुण्याच्या तोंडचे असावेत, त्यासाठी विषय चिठ्ठ्यांवर लिहून वापरणाऱ्यांकडूनच त्यांचे गट पाडून घ्यावेत, हेही त्यांना पटते. चिठ्ठ्या कार्यकारिणीत वाटल्या जातात. चहा-बटाटेवड्यानंतर गट तयार होतात: ‘आमच्याविषयी’, ‘थोडे आमच्याविषयी’ आणि ‘आमची वाटचाल’. वाचनालयाची चिठ्ठी ‘उपक्रम’मधल्या ‘कायमस्वरूपी’तल्या ‘इतर’मध्ये जाते. वेळापत्रक तिथेही नसतेच. असते ती वार्षिक अहवालाची स्कॅन केलेली, किंचित तिरकी पीडीएफ.

रंगांबाबत यजमान ठाम असतात. साध्या मजकुराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांच्यातला उजेडाचा फरक किमान 4.5 ला 1 असावा, असे जागतिक मार्गदर्शक तत्त्वे सांगतात. संस्थेच्या बॅनरवर मात्र केशरीवर पिवळे असते, तेव्हा इथेही तेच. मोतीबिंदूमुळे ही अक्षरे खुद्द यजमानांनाही दिसत नाहीत, पण मजकूर पाठ असल्याने त्यांचे अडत नाही.

हेच गृहस्थ दुसऱ्याच्या संकेतस्थळावर विजेचे बिल भरायला गेले, की दुसऱ्याच मिनिटाला ‘अरे, भरायचं बटण कुठंय?’ म्हणून घर डोक्यावर घेतात. ते बटण तेव्हा समोरच, अंगठ्याएवढे असते.

शेवटी चाचणी. पाचच माणसांना वापरायला दिले तरी बहुतेक दोष उघडे पडतात, असे जेकब नील्सन यांनी 2000 साली लिहिले होते. यजमान पाच विश्वस्तांना बोलावतात. पाचही जणांना आपापला फोटो क्षणात सापडतो, एकाला तो थोडा लहान वाटतो, आणि तेवढी दुरुस्ती होऊन रविवारी मान्यवरांच्या हस्ते उद्घाटन होते. वाचनालयाची वेळ विचारणारे फोन पूर्वीप्रमाणेच शिपायाकडे येतात.