वायच वर, वायच खाली

इन्सुलीला समुद्र नाही, नाका आहे. गोव्याहून मुंबईकडे निघालेल्या माणसाला आमचं गाव आठवतं ते ‘डिकी उघडा’ या दोन शब्दांमुळे. अशा गावात भाच्याने शिडाची होडी आणली, तीही गोव्यातूनच, टेम्पोत आडवी घालून. नाक्यावरच्या साहेबांनी होडीच्या पोटात डोकावून पाहिलं. डोलकाठी पोकळ आहे हे कळल्यावर तिच्या टोकाचं बूच काढून आतही पाहिलं. ओलं काहीच न निघाल्याने त्यांनी सल्ला दिला, “शीड वायच उंच बांधा हां. वारो वरच आसता.”

साहेबांचं शास्त्र पक्कं होतं. पाण्यालगतचा वारा पाण्याला, काठाला, माडांना घासून मंदावतो. वर जावं तसा मोकळा होतो. पण हाच वरचा वारा होडीला पुढे ढकलता ढकलता आडवीही पाडतो. शीड जितकं उंच, तितका त्याचा जोर जास्त. बरं, खाली बांधावं तर शिडाच्या पायाची आडवी काठी होडी वळताना बरोबर कानशिलाच्या उंचीवरून फिरते. म्हणजे बुडायचं की टेंगूळ घ्यायचं, एवढाच प्रश्न. मी टेंगळाच्या पक्षाचा. भाचा तरुण आहे.

होडी ऑप्टिमिस्ट जातीची. 1947 साली फ्लोरिडातल्या क्लार्क मिल्सने ती मुलांसाठी आखली, प्लायवूडमधून स्वस्तात बनावी अशी. लांबी जेमतेम 2.3 मीटर. शर्यतीत ती 15 वर्षांपर्यंतची मुलं चालवतात. आमच्यात वयाने कोणीच बसत नव्हतं, वजनाचं तर विचारूच नका. तिचं शीड डोलकाठीला बारीक दोऱ्यांनी बांधतात आणि एक तिरकी काठी त्याचा वरचा कोपरा उचलून धरते. डोलकाठीवर दोन पट्ट्या असतात. शिडावरची खूण त्या दोहोंच्या मधे हवी, असा शर्यतीचा नियम. थोडक्यात, वर-खाली करायला मुभा मिळते ती काही बोटांची.

त्या बोटांवर आमच्या अंगणात अख्खी संध्याकाळ गेली. चतुर्थीत गणपतीवरची माटवी बांधताना होतं तेच झालं: जो बांधत असतो त्याला काही दिसत नाही आणि ज्यांना दिसतं ते खुर्चीत बसलेले असतात. शेजारच्या काकांचे आजे गलबतावर तांडेल होते, म्हणून काका परबाणाच्या, म्हणजे शीड ज्यावर टांगतात त्या आडव्या वाशाच्या, हिशेबाने बोलत होते. या होडीला परबाण नाही, हे त्यांनी शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही. भाचा सुरकुत्या वाचत होता. शिडाची पुढची कड सैल राहिली की डोलकाठीपासून आडव्या सुरकुत्या फुटतात, फार ताणली की काठीलगत उभी घडी पडते. वारा मंद असेल तर थोडी सैल ठेवायची, वाढला की ताणायची. काकूंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “मगे इस्त्री करून टाका.”

गोव्यातल्या दिवाडी बेटावर बांधलेल्या ‘म्हादेई’ या शिडाच्या होडीतून दिलीप दोंदे 2009-10 मध्ये एकटे पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. त्यांच्या धैर्याविषयी पुष्कळ लिहिलं गेलंय. होडीवर काका नव्हते, या सोयीविषयी कोणी लिहिलेलं मी वाचलं नाही.

होडी तेरेखोल नदीत सोडली ती आरोंद्याला. पलीकडचा काठ गोव्याचा, किरणपाणी. सकाळी पानही हलत नव्हतं, म्हणून भाच्याने शीड वरच्या पट्टीपर्यंत चढवलं. दुपारी खारा वारा सुटला आणि शीड असं भरलं, की आम्हाला काही ठरवायची गरजच उरली नाही.

“मामा, वाकान बसा!”

मी वाकलो. काठी वरून गेली. मग परत आली. अर्धी नदी मी वाकलेलाच होतो, त्यामुळे राज्याची हद्द कुठे ओलांडली ते पाहायचं राहून गेलं. होडी किरणपाणीच्या चिखलात शिरून थांबली. काठावर गळ टाकून बसलेल्या गृहस्थांनी आम्हाला नीट निरखलं, मग शिडाकडे बोट दाखवून म्हणाले, “मातशें सकयल हाड रे!”

भाचा लगेच गाठ सोडायला लागला. मी म्हटलं, “आधी होडी माडाक बांध.”