रोजचा रुपया

सरकारचा हात आखडता आहे, असं कोण म्हणतं? दारिद्र्यरेषेखालच्या दलित, आदिवासी, भटक्या-विमुक्त घरातली पहिली ते चौथीची मुलगी शाळेत आली की तिला रोज एक रुपया द्यायचा, असं महाराष्ट्रानं १९९२ मध्ये ठरवलं. वर्षाला फार तर २२० रुपये, तेही हजेरी ७५ टक्के भरली तर. तीस वर्षं उलटली तरी रुपया जागचा हलला नाही. आमदारांचे भत्ते वाढत गेले. त्यांना हजेरीची अट नसावी.

मुळशी खोऱ्यातल्या एखाद्या कातकरी वस्तीवरून, हा रुपया मिळवायला लागणाऱ्या जातीच्या दाखल्यासाठी पौडच्या तहसील कचेरीत यायचं, तर जाण्यायेण्यातच पोरीचा महिन्याचा भत्ता संपतो. बापाची मजुरी बुडते ती वेगळीच. त्यात साहेब मीटिंगला गेलेले असतात. वाटेत फार्महाऊसच्या पाट्या, गुंठ्याचे भाव लाखांत. तिथल्या फाटकाआडचा कुत्रा काही २२० रुपयांत वर्ष काढत नाही, आणि त्याच्याकडे जातीचा दाखलाही कुणी मागत नाही.

रुपया वाढवणं झेपत नसेल, तर साहेब, निदान दाखले वस्तीवर नेऊन द्या. त्याला अंदाजपत्रकात तरतूद लागत नाही, फक्त जीपमध्ये डिझेल लागतं.