कितीला पडलं?

वस्तूची किंमत विचारायला "कितीला पडलं?" हा प्रयोग मराठीत ज्याने रूढ केला, त्याने आयुष्यात कधी रेडिओवर चालणारं विमान उडवलेलं नसणार. फ्रिज कितीला पडला, फ्लॅट कितीला पडला, असं कुणालाही विचारा, माणूस खुशीत आकडा सांगतो. मला विचारलं की माझ्या डोळ्यांपुढे आकड्याच्या आधी क्रियापद उभं राहतं.

आकडे माझ्याकडे तीन आहेत. बायकोसाठी अडीच हजार. मैदानावरच्या दोस्तांसाठी बारा हजार, कारण तिथे स्वस्त सामानाला कुणी उभं करत नाही. खरा आकडा साडेसात हजार, तो मला आणि कुरिअरवाल्याला ठाऊक. आणि कुणी शब्दशःच विचारत असेल, तर गरुड-१ सकाळी सात दहाला पडलं. गरुड-२ पावणेआठला. गरुड-३ कितीला पडलं ते नक्की सांगता येत नाही, कारण ते पडताना कुणाला दिसलं नाही. त्याची हकिकत पुढे येतेच आहे.

'गरुड' हे नाव वाचून तुम्ही मनात जे म्हणालात ते माझी बायको मोठ्याने म्हणाली होती. पण मी कोण आहे हे लक्षात घ्या. एका तंत्रनिकेतनात मी गेली २६ वर्षं मेकॅनिक्स शिकवतो. पंखाचा छेद एका दमात फळ्यावर काढतो, त्यावरून वाहणारी हवा बाणांनी दाखवतो आणि खडूचा शेवटचा ठिपका असा मारतो की मागच्या बाकावरचा झोपलेलासुद्धा दचकून उठतो. माझं विमान उडणार की नाही, असा प्रश्न मला पडलाच नव्हता. मला पडलेला प्रश्न एवढाच, की त्याच्यावर नाव देवनागरीत रंगवावं की रोमनमध्ये.

मैदानावर आमच्यात एक दाताचे डॉक्टर आहेत, एक भोसरीचे वर्कशॉपवाले आहेत आणि एक अकरावीतला मुलगा आहे. या मुलाने तीन महिने कॉम्प्युटरवर सिम्युलेटर खेळून हात तयार केला. सिम्युलेटर म्हणजे मुलांचा खेळ, असं माझं मत होतं. आता मी विमान वर घातलं की तो माझ्या कानाशी उभा राहून हळू आवाजात सांगत असतो, "काका, ओढू नका. काका, एलेव्हेटर ओढू नका." नवशिक्या घाबरला की रिमोटवरची काठी स्वतःकडे ओढतो. नाक वर जातं, वेग मरतो, पंखावरची हवा सुटते आणि विमान दगडासारखं खाली येतं. त्याला स्टॉल म्हणतात. त्यावर मी दोन तास घेतो, आकृत्यांसह. पण आकृत्या काढतो तो मेंदू आणि काठी ओढतात ते अंगठे, यांची अजून ओळख झालेली नाही.

दुसरी अडचण डाव्या-उजव्याची. विमान लांब जात असतं तोवर त्याचं आणि माझं एकमत असतं. ते वळून तोंड करून यायला लागलं की त्याचं डावं ते माझं उजवं. आरशात बघून एका बाजूची मिशी कातरणाऱ्याला ही भानगड समजेल. जो पंख खाली झुकतोय त्याच बाजूला काठी ढकलायची, पडत्या भिंतीला टेकू द्यावा तशी, असा जुन्या लोकांचा तोडगा आहे. तोडगा उत्तम आहे, मला पाठ आहे, आणि विमान जमिनीवर आल्यानंतर दर वेळी तो मला लख्ख आठवतो.

आता इथे मी मर्लिन मन्रोकडे वळणार आहे. घरी पाहुण्यांपुढे मी या वळणावर आलो की बायको चहा टाकायला उठते. एकदा तर चहा समोर असताना उठली.

त्याचं असं झालं, की रेजिनाल्ड डेनी नावाचा एक नट होता. जन्माने इंग्रज, पहिल्या महायुद्धात रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये होता, नंतर हॉलिवुडच्या मूकपटांत विनोदी कामं करून नावारूपाला आला. हिचकॉकच्या १९४० सालच्या 'रिबेका'त इस्टेटीचा कारभार बघणारा क्रॉली आहे ना, तो हाच. (इथपर्यंत पाहुणे शांत असतात.) तर या माणसाला माझंच वेड. इतकं, की नट म्हणून बरं चाललेलं असताना त्याने हॉलिवुड बुलेवार्डवर मॉडेल विमानांचं दुकान काढलं. मग त्याच्या डोक्यात आलं, की तोफखान्यातल्या पोरांना नेमबाजीच्या सरावाला हवेत हलणारं काहीतरी लागत असेल, ते आपण रेडिओवर उडवून द्यावं. अमेरिकेच्या लष्कराला ते पटलं. त्याच्या रेडिओप्लेन कंपनीने दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ १५,००० विमानं लष्कराला बनवून दिली. म्हणजे पाडून घेण्यासाठीच जन्माला घातलेली विमानं. माझी विमानं हेच काम तोफेशिवाय करतात, पण त्याचं कुणाला कौतुक नाही.

त्या कारखान्यात नॉर्मा जीन नावाची जेमतेम अठरा-एकोणीस वर्षांची मुलगी कामाला होती. नवरा बोटीवर आणि ही इथे विमानांना व्हार्निश फवारतेय. युद्धकाळात कामाला लागलेल्या बायकांचे फोटो काढायला लष्कराने डेव्हिड कॉनोव्हर या फोटोग्राफरला तिथे धाडलं, आणि त्याला धाडणारा कॅप्टन होता रोनाल्ड रेगन. हो, तोच, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला. कॉनोव्हरने फोटो काढला, हातात प्रॉपेलर, चेहऱ्यावर हसू. त्या फोटोंतून ती मॉडेलिंगकडे गेली, कारखाना सुटला आणि काही वर्षांत नॉर्मा जीनची मर्लिन मन्रो झाली.

म्हणजे पाहा, मॉडेल विमानं नसती तर मर्लिन नसती. हे वाक्य टाकून मी पाहुण्यांकडे बघतो. पाहुणे घड्याळाकडे बघतात. एका मेहुण्याने सगळं ऐकून घेऊन विचारलं, "पण मग तुमच्या विमानाला कॅमेरा का नाही?"

हा कॅमेरा म्हणजे माझं खरं दुखणं. मैदानाशेजारून जाणारा प्रत्येक माणूस गाडी थांबवतो आणि विचारतो, "ड्रोन आहे का?" नाही म्हटलं की, "कॅमेरा?" नाही. "मग औषध फवारतं का?" नाही हो. मग तो जे म्हणतो त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही: "मग उपयोग काय?" म्हणजे एखादी गोष्ट लग्नाचं शूटिंग करत नसेल, सोयाबीनवर फवारत नसेल, तर तिने हवेत थांबायचंच नाही का? बुलबुलाला कुणी विचारतं का? सरकार त्या मानाने समजूतदार. २०२१ च्या ड्रोन नियमांत २५ किलोपर्यंतचं मॉडेल विमान नजरेच्या टप्प्यात राहून हौसेखातर उडवायची सोय ठेवली आहे. सरकारी कागदावर 'हौस' या अर्थाचा शब्द आला, याने मला भरून आलं होतं. नकाशावरच्या हिरव्या, म्हणजे मोकळ्या, भागात ४०० फुटांची मर्यादा आहे. माझ्या विमानांनी आजवर जे जे मोडलं, त्यात ती नाही.

पुण्यात लोहगावचा विमानतळ, शिवाय खडकवासल्याला एनडीए, त्यामुळे बाडबिस्तरा उचलून आम्ही यवतच्या पुढे एका माळावर जातो. तिथे हिरवं आहे. नकाशावरही आणि खालीही, कारण माळाच्या तिन्ही बाजूंना ऊस आहे.

गरुड-३ उसात गेलं ते दिवाळी झाल्यानंतरच्या रविवारी. थर्माकोलचे चार फुटी पंख, वरून पांढरी टेप, नाकात मोटर आणि बॅटरी. यात बॅटरी पुढे-मागे सरकवून तोल जमवावा लागतो. पंखाखाली दोन बाजूंना एकेक बोट लावून विमान उचलायचं. बोटं पंखाच्या पुढच्या कडेपासून पाव ते तिसऱ्या हिश्शावर असताना ते आडवं, शांत राहिलं तर जमलं. मागे कललं तर विमान हवेत वेड्यासारखं वागणार. मी ते तीन वेळा तपासलं होतं, आदल्या रात्री कागदावर मोमेंट काढून. उड्डाणही झकास झालं. ऐंशी सेकंद! मग ते सूर्यासमोर गेलं आणि काळा ठिपका झालं. तो ठिपका येतोय की जातोय, हे मी माझ्या परीने ठरवलं.

"काका, ते येतंय, जात नाहीये," मुलगा म्हणाला. उसाच्या तुऱ्यांवर जराशी सळसळ झाली.

उभ्या उसात विमान शोधणं हा निराळाच खेळ आहे. दहा फूट ऊस, पानं करवतीसारखी, दोन सऱ्या आत गेलं की दिशा संपते. बांधावर उभे राहून डॉक्टर ओरडत होते, "अजून डावीकडे!" आणि इथेही डावं कुणाचं, हा घोळ होताच. अर्ध्या तासाने शेतमालक आले. शांतपणे म्हणाले, "शोधा की. फकस्त बिबट्या हाय त्यात, मागल्या आठवड्यात कुत्रं नेलं." आम्ही ज्या वेगाने बाहेर आलो, त्या वेगाला माझं एकही विमान पोचलेलं नाही.

रात्री झोप येईना. शिवकर बापूजी तळपद्यांनी १८९५ साली गिरगाव चौपाटीवर विमान उडवलं, अशी आख्यायिका आहे. तिला पुरावा नाही म्हणतात. मी कधी त्या वादात पडत नाही, पण त्या गोष्टीचा 'आणि मग ते खाली कोसळलं' हा शेवट मला तरी शंभर टक्के विश्वसनीय वाटतो. आणि मग मेनार्ड हिल आठवला. अमेरिकेतला हा म्हातारा, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, कानांनी फारसं ऐकू येत नव्हतं, त्याने २००३ साली पाच किलोच्या आतलं बाल्साचं मॉडेल कॅनडाच्या किनाऱ्यावरून सोडलं आणि ते ३८ तास ५२ मिनिटांनी आयर्लंडला उतरलं. अटलांटिक ओलांडून! माझा चष्मा प्रोग्रेसिव्ह आहे, आणि मला बांध ओलांडता येईना.

डिसेंबरात शेतमालकांचा फोन आला. "सर, तोड चाललीय. तुमचं काय ते घावलंय टोळीवाल्यांना." बायकोला केडगावच्या गुऱ्हाळावरून गूळ आणायचा होता, म्हणून तीही आली. तशी ती मैदानावर चार-पाचदा आलेली आहे. येते, बघते, काही बोलत नाही, घरी आल्यावर डबा घासायला घेते.

ऊस गेलेलं रान ओळखू येत नव्हतं. कडेला पाचटाच्या सात-आठ कोप्या, एक वासरू, चुलीचा धूर. आणि रिकाम्या रानात दहाएक वर्षांची एक पोरगी, कडेवर भाऊ, दुसऱ्या हातात गरुड-३.

मी जवळ जाऊन बघितलं. उजवा पंख मधून मोडला होता. तिने तो उसाच्या वाढ्याच्या दोन काड्यांचा टेकू देऊन, साडीच्या काठाने आवळून बांधला होता. बांधताना दोन्ही पंख मधून जरा वर उचलले गेले होते, उथळ 'व्ही'सारखे. त्याला डायहेड्रल म्हणतात. विमान आपण होऊन सरळ राहतं त्याने. मोटर, बॅटरी, सगळं काढून टाकलेलं. आणि नाकावर पेरूएवढा चिखलाचा वाळलेला गोळा, त्यावर बोटांचे ठसे.

"ही माती कशाला गं?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न शहरातच विचारतात. "लई लावली की मुंडकं खाली घालतंय. कमी लावली की उलथं व्हतंय." मग गोळ्याला थुंकी लावून अंगठ्याने एक कपची दाबली. "आता बराबर हाय."

माझा गुरुत्वमध्याचा धडा बत्तीस पानांचा आहे.

"आणि हे काय आहे माहितीये का? गरुड. हे बघ लिहिलंय." रंग उडाला होता, 'ग' तेवढा राहिला होता.

"बगळाय," ती म्हणाली. पांढरंच होतं ते. मला काही बोलता आलं नाही.

मास्तरकीची सवय वाईट. तोंडून गेलंच, "कितवीत आहेस?"

"पाचवीत." मग भावाला दुसऱ्या कडेवर घेत दुरुस्ती केली, "दिवाळीपत्तर पाचवीत व्हते."

तेवढ्यात तिचा बाप कोयता खांद्यावर टाकून आला. बीडकडचा. कोपीत जाऊन त्याने एक फडकं आणलं, त्यात मोटर, सर्वो, वायरी, एकेक सुटं करून बांधलेलं. बॅटरी फुगली होती, ती वेगळ्या कागदात. "तुमचं सामान, साहेब. पोरीनं मोडू नये म्हणून ठिवलं व्हतं." आणि मग गाठ माझ्या हातात देता देता सहज, गाडी-बैल विचारावा तसं, "कितीला पडलं व्हतं हो हे?"

माझ्याकडे तीन आकडे होते. टनावर मजुरी घेणारा माणूस समोर उभा होता. साडेसात हजारांचे किती टन, हे गणित मला तोंडी येतं आणि त्याला माझ्याही आधी आलं असतं. "थर्माकोल आहे हो नुसतं," मी म्हणालो. बायको माझ्याकडे बघत होती. तिने अडीच हजारही म्हटले नाहीत.

"उसात पडलं, बरं झालं," तो म्हणाला. "मानसावर न्हाई पडलं."

फडकं मी घेतलं. विमान मागायला आलो होतो, ते कुणाला सांगितलं नाही. पोरीने भावाला खाली ठेवलं, चार पावलं पळाली आणि हात न उंचावता, भाकरी टाकावी तसं ते समोर सोडून दिलं.

गेलं. खरंच गेलं. नाक किंचित खाली, पंख थरथरत नाहीत, बांधावरून पलीकडे, वाऱ्याने जरासं डावीकडे कललं आणि आपलं आपण सावरलं. माझे दोन्ही अंगठे पँटच्या खिशात हलत होते. "ओढू नका काका," असं मीच मला सांगत होतो. ते पाचटावरून हातभर उंचीने बरंच सरकलं आणि बगळा बसावा तसं बसलं.

पोरगी मागे धावली. भाऊ टाळ्या वाजवत होता. बायकोने गुळाची ढेप खाली ठेवली.

"अगं बाई," ती म्हणाली, "हे उतरतंसुद्धा होय?"